मे महिन्यातल्या भुसावळात फोमची गादी

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत एक वाद हमखास निघतो: मुलीच्या संसारात गादी कोणती द्यायची? मोठी माणसं म्हणतात, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची. नवरानवरीला हवी असते खोक्यात गुंडाळून येणारी मेमरी फोमची. मी जर्मनीत राहतो, म्हणून फोमचीच वकिली करणार, असं घरच्यांनी धरलेलं असतं. गादीपुरता माझा कौल मोठ्यांना आहे. गादीच्या वर काय असावं, यात मात्र मोठ्यांचं बरंच चुकतं.

मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो. इथे जर्मनीत 18 अंशांच्या बेडरूममध्ये तो अंगाच्या उबेने जेवढ्यास तेवढा दबतो. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच असतो. तिथे अंग फोममध्ये रुततं, आणि जेवढं रुततं तेवढी वाऱ्याला जागा उरत नाही. झोपेत माणसाच्या अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून ‘मायक्रोफायबर’ लिहिलेली गुळगुळीत चादर उन्हाळ्यात पाठीला चिकटते.

शिवाय आपल्याकडे गादीला ऊन दाखवायची सवय आहे. फोमला तेच बाधतं: उन्हाने तो पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुगा होऊ लागतो. कापसाला मात्र ऊन मानवतं. धुळीतले किडे, ज्यांच्या विष्ठेने शिंका आणि दमा उसळतो, ते पाणी पीत नाहीत; हवेतला ओलावा शोषून जगतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली की त्यांना फार दिवस तग धरता येत नाही. इथे त्यासाठी मशीन आणि वीज लागते, खानदेशात एप्रिल-मे ते काम फुकट करून देतात. खरी पंचाईत पावसाळ्यात. तेव्हा सकाळी उठल्याबरोबर गादी भिंतीला उभी टेकवून तासभर पंखा लावावा. पेटीपलंग असेल तर प्लायला बोटभर रुंदीची दहा-बारा भोकं पाडून घ्यावीत, नाहीतर ओल खाली साठते आणि बुरशी धरते. जमिनीवर टाकलेल्या गादीखाली इथे हिवाळ्यात नेमकं हेच होतं.

गादी भरून घेताना चार बाय सहाला 10 ते 12 किलो रुई लागते. शंभर किलो कापसातून सरकी काढल्यावर 34-35 किलो रुई निघते, म्हणजे एका गादीत साधारण 30 ते 35 किलो कापूस जातो. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. त्या हिशेबाने गादीतला कापूस सुमारे 2,400 ते 2,800 रुपयांचा. कोणी फारच स्वस्तात भरून देत असेल तर आत मिलचा टाकाऊ माल असणार. चिमूटभर पेटवून बघावा: कापूस कागदासारखा जळतो आणि राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पिंजणं समोर करून घ्यावं, गादीपाट घट्ट विणीचा घ्यावा आणि टाके वीतभर अंतरावर मारायला सांगावं. टाके लांब पडले की रुई कडेला सरकते. घाम आणि वजनाने धागे दबून गठ्ठे होतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी गादी उसवून पुन्हा पिंजावी लागते. हा खर्च टाळणारेच पुढे ‘कापसाची गादी पाठ मोडते’ म्हणतात.

आता जोडप्याची बाजू. इथे एका पलंगावर दोघांची दोन पांघरुणं असतात, 135 बाय 200 सेंटिमीटरची. आपल्याकडे हे दिसलं तर काकू-मावशी भांडण झालं असं समजतील. पण एकाला गरम होतं, दुसऱ्याला गार वाजतं, आणि धुळ्याच्या जानेवारीत एका रजईची ओढाताण ठरलेली. जवळीक पांघरुणामुळे अडत नाही. झोपमोड झालेला माणूस चिडका असतो, अडतं तिथे. एकत्र कुटुंबात आणखी अडतं ते पलंगाच्या आवाजामुळे. मधली भिंत पातळ असेल तर नवी जोडपी अंग चोरून वागतात. उपाय सुताराच्या अर्ध्या तासाचा आहे: नटबोल्ट आवळायचे आणि प्लाय व फ्रेमच्या मध्ये जुन्या घोंगडीच्या पट्ट्या ठेवायच्या. दाराला आतून कडी हवी, हे वेगळं सांगायला नको, पण पुष्कळ घरांत ती नसते.

डागांबद्दल मुलीला कोणीच काही सांगत नाही. रक्त आणि वीर्य दोन्हींत प्रथिनं असतात. गरम पाण्याने ती धाग्यात पक्की बसतात. आधी गार पाणी आणि साबण, डाग गेल्यावर मग वॉशिंग मशीनचं 60 अंशांचं चक्र. मशीनला ती सोय नसेल तर पांढऱ्या सुती चादरीवर उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवावं. गादीवर रेक्झिन घालू नये, ते करकरतं आणि खाली घाम साचतो. वर टॉवेलसारखं सूत आणि खाली पातळ अस्तर असलेलं कव्हर मिळतं, ते घ्यावं. गोधडीलाही सुटी खोळ शिवून कोपऱ्यांना नाड्या लावाव्यात. जाड गोधडी वर्षातून एकदाच धुतली जाते, खोळ दर आठवड्याला निघते.

डाग चादरीवर आणि खोळीवर पडतात आणि ती धुता येतात, म्हणून पाळीत वेगळी गोधडी देण्याला स्वच्छतेचा आधार नाही. कपाटात तीन सुती चादरी आणि एक धुता येणारं कव्हर असेल तर ते चार दिवस त्याच गादीवर निघतात.