वजन वाढतंय, मग कुपोषण कसलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

कोपरीच्या काकांना नमस्कार.

सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं खराब होऊन कडक झालेल्या, प्रत्येक रुग्णाची एका फॉर्मवरून कुपोषणासाठी तपासणी व्हायला हवी, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काकांच्या धाकट्या भावाला सिरोसिस आहे. दोन महिन्यांत वजन ५८ वरून ६२ किलोवर गेलंय, "आणि तुम्ही कुपोषणाची भीती घालता!" शिवाय अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आहे हे रिपोर्टमध्ये दिसतंच, मग वेगळी तपासणी कशाला? आणि ज्या सरकारी ओपीडीत केसपेपर काढण्यातच सकाळ जाते, तिथे हे परदेशी फॉर्म भरणार कोण?

आधी वजनाचं बघू. तुम्हीच पुढे लिहिलंय की भावाच्या पँटचं बटण लागेनासं झालंय, दोन्ही पाय सुजलेत आणि घड्याळाच्या पट्ट्याला मात्र आतल्या बाजूला नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. काका, मनगट बारीक होत असताना वाढलेलं वजन पाण्याचंच असणार. पोटात आणि पायांत पाणी भरतंय, दंड आणि कानशिलं सुकताहेत, आणि काटा बिचारा सगळ्याची बेरीज दाखवतो. बायकांच्या बाबतीत मला हे बांगड्यांवरून कळतं. परकराची नाडी पुरत नाही आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

आता थोडा हिशेब. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ज्या सूचना दिल्या, त्यांत यासाठी ढोबळ वजावट आहे. पोटात पाणी थोडं असेल तर वजनातून ५ टक्के, मध्यम असेल तर १० आणि खूप असेल तर १५ टक्के कमी करायचे. दोन्ही पायांना सूज असेल तर आणखी ५. भावाचं पाणी मध्यम धरलं तर त्याचे १० आणि पायांचे ५, असे ६२ तून १५ टक्के गेले, राहिले ५२.७ किलो. उंची तुम्ही १७० सेंटिमीटर दिली आहे. म्हणजे काट्यावरच्या वजनाने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २१.५ येतो, अगदी ठणठणीत, आणि वजावटीनंतर १८.२. तो १८.५ च्या खाली गेला की धोका जास्त समजून सरळ सविस्तर पोषण-तपासणीला पाठवायचं असतं. ही वजावट अंदाजाचीच. पोटातलं पाणी काढल्याबरोबर घेतलेलं वजन त्याहून भरवशाचं.

याच्या उलटही होतं, बरं का. फॅटी लिव्हर आणि मधुमेहातून सिरोसिसपर्यंत पोचलेला माणूस ९० किलोचा असतो, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही. चरबीखाली स्नायू गेलेले असतात. त्याच्याकडे बघून तर कुपोषण कुणाच्या मनातही येत नाही.

अल्ब्युमिनचा मुद्दा लवकर संपवते. ते यकृतातच तयार होतं. यकृत थकलं की ते उतरतं, आणि अंगात जंतुसंसर्ग असला तरी उतरतं. ताटात काय होतं हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि शिरेतून दिलेली अल्ब्युमिनची बाटली म्हणजे जेवण नव्हे.

खरी काळजी मला तुमच्या एका वाक्याची वाटली, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "डाळ, अंडी, पनीर सगळं बंद केलंय, मुगाचं पाणी आणि पेज देतो." प्रथिनांनी अमोनिया वाढतो, तो डोक्यात जातो, माणूस भ्रमिष्ट होतो, म्हणून प्रथिनं तोडा, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. काही डॉक्टर अजूनही देतात. पण २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रमाचा झटका आलेल्या रुग्णांना दोन गटांत विभागून पाहिलं. प्रथिनं तोडून काही फायदा झाला नाही, उलट त्या गटात शरीरातली प्रथिनं जास्त झिजली. यकृत कमी पडतं तेव्हा अमोनिया निपटायचं बरंचसं काम स्नायूच करतात. तेच गमावून कसं चालेल? किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे भावाला दिवसाला ६३ ते ७९ ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या खाण्यात ती तिसाच्या पुढे जात नाहीत. घट्ट वरण, दूध, दही, पनीर, फुटाणे बहुतेकांना चांगले सोसतात. अंडंही चालतं. मीठ कमीच ठेवा, पण जेवण घशाखाली उतरणार नाही इतकं अळणी करू नका. आणि बाजारातलं लो-सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणी उतरवायला बहुधा देतात त्या स्पायरोनोलॅक्टोननेही पोटॅशियम वाढतं.

"सातच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत काही नाही" हा घरचा नियम भावापुरता मोडा. सिरोसिसमध्ये यकृतातला साखरेचा साठा तोकडा असतो. एका रात्रीच्या उपाशी पोटी शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर होते. सरपण संपलं म्हणून दाराच्या फळ्या चुलीत घालाव्यात, तसं शरीर स्नायू जाळायला घेतं. झोपताना दूध-पोहे, किंवा दुधाबरोबर राजगिऱ्याचे लाडू, आणि सकाळी उठल्यावर लवकर न्याहारी. संकष्टी त्याने धरू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरावी.

राहिली ओपीडी. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलचा जो फॉर्म मी सांगितला होता, त्यात अंगात पाणी साठलंय का हे बीएमआयच्या आधी विचारतात. साठलं असेल तर बीएमआय बाजूला ठेवून खाणं कमी झालंय का, वजन घटलंय का हे बघतात. एरवीच्या फॉर्ममध्ये हा पाण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून तुमच्या भावासारखे रुग्ण त्यातून सुटतात. काम तीन मिनिटांचं आहे, रांगेत बसलेल्या रुग्णाचं सिस्टरही करू शकतात. पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला सोळा आणे पटतो. फॉर्म भरून हातात छापील डाएट शीट कोंबायची असेल, तर तो न भरलेला बरा. धोका आहे असं कळल्यावर आहारतज्ज्ञाने समोर बसवून घरात काय शिजतं हे विचारायला हवं आणि पुढच्या खेपेला दंडाचा घेर, मुठीची ताकद पुन्हा मोजायला हवी. ठाण्यात हे किती ठिकाणी होतं, यावर तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने आहे.

भावाला मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर रात्रीचं खाणं डॉक्टरांशी बोलून, औषधांच्या वेळा सांभाळून ठरवा. तो दिवसा पेंगत असेल, बोलण्यात अडखळत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि पोटातलं पाणी काढायची तारीख मिळाली असेल, तर काढून झाल्यावर तिथल्या तिथे वजन करायला सांगा आणि तो आकडा केसपेपरवर लिहून घ्या.