नाकापेक्षा वॅक्स जड

डाव्या नाकपुडीत केसतोड झालंय. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि मुंबईत तेवढेच काजवे दिसतात.

रविवारी दादरच्या सलूनमध्ये केस कापून झाले. खुर्चीतून उठणार, तेवढ्यात तो पोरगा आरशात बघून म्हणाला, ''सर, नाक का भी निकाल दूं? बहुत बाहर आया है.'' मागे बाकावर सहा जण बसलेले. 'बहुत' सहाही जणांनी ऐकलं. मग नाही म्हणायला जीभ रेटेना.

गरम मेणात बुडवलेल्या दोन काड्या दोन नाकपुड्यांत गेल्या. ''दो मिनट हिलना नहीं.'' सोंड हरवलेल्या हत्तीसारखा बसून राहिलो, आणि नेमके त्याच दोन मिनिटांत बी विंगमधले काका आत आले. काका सलूनमध्ये फक्त पेपर वाचायला येतात. त्यांच्या दोन्ही कानांतून कुंडीतल्या गवती चहासारखे झुपके आलेत.

''अरे! नाकात उदबत्त्या कसल्या?''

''ऊं.''

''केस काढतोयस? कशाला? फुकटची गाळणी आहे ती! आपल्या टाकीच्या पाइपाला जाळी बसवायला सोसायटीने तीन मीटिंगा घेतल्या. तुला देवाने एकही मीटिंग न घेता बसवून दिली.''

बाकावरच्यांनी मोबाइल खाली ठेवले.

''भुवया कशाला असतात सांग. घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पन्हळ आहे ती, पन्हळ! काखेतले? कातडीला कातडी घासू नये म्हणून. अंगावरची लव? ढेकूण चढला की कळावं म्हणून.''

''ऊं?''

''चाळीत जन्म गेलाय माझा, मला शिकवतोस?''

मी काहीच शिकवत नव्हतो. पण घरी येऊन शोधलं, तर 2011 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्ड विद्यापीठात हाच उद्योग झालेला. माणसांचा एक हात भादरायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि दोन्हींवर भुकेले ढेकूण सोडायचे. केसाळ हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला वेळ लागला, आणि माणसाला तो लवकर जाणवला. काकांचं बरोबर निघालं, याचा मला जास्त राग आला.

''आणि खालचे—'' इथे काकांनी आवाज खाली आणला, पण फक्त 'आणि'पुरता. ''हर्नियाच्या वेळी माझे वस्तऱ्याने काढले होते. आता तसं करत नाहीत. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात, त्यातून जंतू आत शिरतात. काढायचेच झाले तर मशिनने कातरतात.'' बाकावरचा एक शाळकरी मुलगा 'खालचे म्हणजे कुठले' असं वडिलांना विचारत असतानाच पोराने काड्या ओढल्या.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण ज्याने केली त्याचं नाक नुसतं दाबलंच असणार.

दीडशे रुपये दिले. वर 'थँक्यू'सुद्धा म्हणालो!

बाहेर आलो तर आमच्या गल्लीत नेहमीचंच. तीन इमारती पुनर्विकासाला गेल्यात. हिरवी जाळी आहे, पण खालून फाटलेली. पाणी मारायचं असतं म्हणे, मारताना कोणी बघितलेलं नाही. नाकातले केस जाडी धूळ अडवतात, बारीक तशीही थेट छातीत उतरते. आता जाडीही उतरते. विचारायला गेलं तर 'साहेब दुसऱ्या साइटवर आहेत'. टॉवर त्यांचा, खोकला आमचा, आणि मास्क पदरच्या पैशांनी आम्हीच घ्यायचा.

डॉक्टरांनी केसतोड बघितलं. ''दाबायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही.'' नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण धोक्याचा असतो. तिथल्या शिरा आत मेंदूच्या बुडाशी जोडलेल्या असतात, आणि क्वचित जंतू त्या वाटेने वर चढतात. लहानपणी आजी 'नाकातला केस उपटू नकोस' म्हणून हातावर चापट मारायची. तिने फी घेतली नव्हती.

काल लिफ्टमध्ये काका भेटले. माझं लाल नाक त्यांनी निरखून बघितलं. आता पुन्हा गाळणीचं प्रवचन ऐकायचं, म्हणून मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिलो. काका जवळ सरकले.

''त्या पोराने किती घेतले रे? नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. कानांचं वेगळं घेतो का?''