रिकामे पॅलेट, एक नग

परवा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. आमच्या दाराबाहेरचा बाक, त्याभोवती लाल गोल आणि खाली ‘हे भंगार त्वरित हलवावे’. बाक मी स्वतः केलेला. गोल कोणी काढला तेही मला ठाऊक आहे, पण जाऊ दे. त्याखाली अंगठेच अंगठे, आणि त्यातला एक आमच्याच घरातला.

त्यासाठी भोसरीहून पाइनची पॅलेटं आणली होती, म्हणजे फोर्कलिफ्टनं उचलता यावा म्हणून मालाखाली घालतात त्या फळ्यांच्या चौकटी. पॅलेट सोडवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. खिळे पिळाचे. आत गुमान गेलेले असतात, पण बाहेर येताना निम्मी फळी घेऊन येतात. पुढे रंधा, पॉलिश पेपर, पाठीला मलम. एवढ्यात सागाचा बाक आला असता, असं घरच्यांचं मत आहे. ते मला रोज ऐकवलं जातं.

संध्याकाळी खजिनदार काका पाहणीला आले. काका डिस्पॅचमधून निवृत्त झालेले.

“बसा ना, काका.”

“पॅलेटवर बसत नाहीत. आमच्याकडे मेमो मिळायचा.”

मग चष्मा कपाळावर चढवून ते गुडघ्यांवर वाकले. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, बाकाच्या पायावरचा तो मी मुद्दाम घासला नव्हता. काकांनी त्यावरून बोट फिरवलं.

“आयएन. म्हणजे आपल्याकडचंच. एचटी. भाजलेलं दिसतंय.”

“हो ना! गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. कीड मरते. एमबी असतं तर आणलंच नसतं, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.”

वाटलं, जमलं. काकांनी माझ्याकडे प्रथमच माणसासारखं पाहिलं.

“मग एक्स्पोर्टचं आहे. इथं कसं राहिलं? कंटेनर चुकला?”

“काका, हा बाक आहे.”

“ते कळलं. जायचाय कुठं?”

“कुठंच नाही. त्यावर बसायचं.”

“किती जण?”

“तीन.”

“भार स्थिर की हलता?”

यावर काय बोलणार? मी थेट हॉलंड गाठलं. म्हटलं, रिटव्हेल्ड नावाच्या डच माणसानं १९३४ साली खोक्यांच्या फळ्यांच्या खुर्च्या केल्या, आज त्या संग्रहालयात आहेत.

“कुठल्या कंपनीत होता?”

“स्वतंत्र होता.”

“तरीच.”

तेयो रेमी या दुसऱ्या डच डिझायनरचं नाव मग मी काढलंच नाही. त्यानं १९९१ साली टाकून दिलेले ड्रॉवर गोळा केले, एकेकाला नवी चौकट दिली आणि सगळे एका पट्ट्यानं करकचून बांधले. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे ते कपाट. काकांनी विचारलं असतं, टेम्पो कधी येणार?

आणि हॉलंड कशाला हवं? लुगड्यांची गोधडी, डालड्याच्या डब्यातली तुळस, शिलाई मशीनच्या बिडाच्या स्टँडवर फळी टाकून केलेलं अभ्यासाचं टेबल. याच लोकांच्या घरांत हे सगळं होतं, तेव्हा कुणी लाल गोल काढला नाही. गेल्या वर्षी याच कमिटीनं जिन्यातले सागवानी दरवाजे जळणाच्या भावानं काढले. मी मागितले, तर म्हणे ठराव झालाय. आणि लॉबीत नवाकोरा बाक आला. कारखान्यात मुद्दाम ओरखडे पाडलेला, रंग खरवडून ‘जुना’ केलेला. त्याची किंमत ऐकून सभेत माना डोलल्या. त्याच्यासोबत फोटोसुद्धा काढले लोकांनी! त्यावर बसलं की पँटचे धागे निघतात, पण त्याची तक्रार करायची कुणाकडे? खजिनदारांकडेच.

काका पावतीपुस्तक काढून लिहायला लागले. “पॅसेजमध्ये माल पडून राहिला की डेमरेज लागतं.”

“काका, हा माल नाही हो!”

“मग काढून घ्या.”

पावतीवर लिहिलं होतं : रिकामे पॅलेट, एक नग. मी पैसे दिले. जाताना काकांनी बाकाला बुटाच्या टोकानं हलकेच ढोसून पाहिलं आणि जिन्यातून ओरडून सांगितलं, “पुढच्या वेळी चारही बाजूंनी फोर्क जाईल असं बघून आणा!”