वाचनालय दिलं, पण वाचायचं कधी?

अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याची ती 'गरीब पोरगा ते दानशूर' छापाची पोस्ट आठवड्यात तिसऱ्यांदा समोर आली: गिरणीत राबलेला पोरगा पोलादात गब्बर झाला आणि त्यानं जगभर वाचनालयं बांधली. गोष्ट खोटी नाही. अर्धी आहे.

बाप स्कॉटलंडमधला हातमागवाला. वाफेचे माग आले, धंदा बसला आणि १८४८ मध्ये बिऱ्हाड अमेरिकेला गेलं. पोरगा पिट्सबर्गजवळ कापड गिरणीत कांड्या बदलायला लागला. आठवड्याला १.२० डॉलर. पुढे तारांचे निरोप पोचवायच्या दिवसांत, अँडरसन नावाचे कर्नल दर शनिवारी कामकरी पोरांना घरची पुस्तकं वाचायला द्यायचे. तिथे त्याच्यासारख्यांना दोन डॉलर वर्गणी लावली, तर या पठ्ठ्यानं थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि फुकट प्रवेश मिळवला! हा कार्नेगी मला मनापासून आवडतो.

आता १८९२. पोरगा मालक झालाय, आणि पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड गावी त्याचा पोलाद कारखाना आहे. मालकांना मजुरी कापायची होती आणि संघटना नको होती. कार्नेगी स्कॉटलंडला, कारभार हेन्री क्ले फ्रिककडे. फ्रिकनं उंच कुंपण घातलं, टाळं ठोकलं आणि ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या भाडोत्री पहारेकऱ्यांच्या एजन्सीची ३०० माणसं बंदुकांसकट पडावांतून नदीमार्गे आणली. काठावर गाव जमलेलं, बायापोरांसकट. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याची फौज आली आणि संघटना मोडली.

'साहेब तिथे नव्हते हो,' असं म्हणणारे भेटतात. नव्हतेच. फ्रिकला पाठिंबा मात्र पत्रांतून पोचत होता.

सहा वर्षांनी होमस्टेडकरांना झकास वाचनालय मिळालं. सभागृह, पोहण्याचा तलाव, सगळं. अशी वाचनालयं त्यानं जगभरात अडीच हजारांवर बांधली. मी स्वतः गावच्या वाचनालयात वाढलोय, नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण तोच पैसा मजुरीतून वाटला तर लोक किरकोळीत उडवतील, असं त्याचं उघड मत होतं. म्हणजे तुमच्या घामाचं काय करायचं, ते मी ठरवणार. आणि भट्टीपुढे बारा तास उभा राहणारा, पाळी बदलताना सलग २४ तास राबणारा माणूस पुस्तक उघडणार कधी?

१९०१ मध्ये त्यानं कंपनी बँकर जे. पी. मॉर्गनला ४८ कोटी डॉलरना विकली, त्यातून यू. एस. स्टील उभी राहिली. कार्नेगी १९१९ मध्ये गेला. यू. एस. स्टीलमधली बारा तासांची पाळी सुटायला १९२३ उजाडलं.