खुलासा : तुरुंगात फक्त धर्मग्रंथच चालतात, हे चुकीचं आहे

एक मेसेज फिरतोय की कैद्याला फक्त धर्मग्रंथ ठेवता येतो, बाकी पुस्तकं, पेपर सगळं बंद, आणि हा म्हणे युनोचाच नियम. मीपण तो परवा न तपासता शेअर केला होता. चूक झाली, पोस्ट काढून टाकलीय.

मूळ नियम आता वाचून काढले. युनोच्या महासभेने डिसेंबर २०१५ मधे मंजूर केलेले नेल्सन मंडेला नियम, त्यातला ६४ वा तर म्हणतो की प्रत्येक तुरुंगात सगळ्या कैद्यांसाठी लायब्ररी हवी, करमणुकीची आणि ज्ञान देणारी दोन्ही पुस्तकं हवीत आणि कैद्यांना वाचायला प्रोत्साहन द्यावं, म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट! पेपर-मासिकांचा उल्लेख ६३ व्यात आहे. ज्याचा खटला अजून चालू आहे तो स्वतःच्या खर्चाने पुस्तकं, पेपर मागवू शकतो, सुरक्षा आणि शिस्तीला बाधा येत नसेल तर. धर्मग्रंथ जवळ ठेवण्याचा नियम (६६) वेगळा आहे, त्यात 'फक्त' हा शब्द कुठेच नाही.

हे नियम कायदा म्हणून बंधनकारक नाहीत, हेही सांगायला हवं, प्रत्येक देशाचे आपापले निर्बंध असतात. ब्रिटनमधे २०१३ ला बाहेरून पार्सलने पुस्तकं पाठवणं जवळपास बंद केलं होतं, लायब्ररी मात्र चालू होती, आणि डिसेंबर २०१४ मधे हायकोर्टाने तो निर्बंध बेकायदा ठरवला.

कुणाचा माणूस आत असेल तर असला मेसेज वाचून तो पुस्तक पाठवायचं विचारणारही नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतंय. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर तिथेच हे टाका.