भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर एकट्या प्रवाशाची होणारी अडवणूक

परदेशात एकट्याने गाडी चालवत फिरण्याविषयीचे सल्ले वाचले की मला अलीकडे संताप येतो. पाणी जवळ ठेवा, गाणी आधीच निवडून ठेवा, नकाशे मोबाइलमध्ये उतरवून घ्या, हे सगळे सांगितले जाते. परंतु प्रवाशाचा खिसा जिथे खरोखर कापला जातो, त्या भाड्याच्या गाडीच्या काउंटरविषयी कोणी दोन धड वाक्ये लिहीत नाही. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसापुढे बारीक अक्षरांतला करार ठेवायचा आणि मागे रांग खोळंबली आहे असे सांगून त्याची सही घ्यायची, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्याला कोणी अन्याय म्हणायलाही तयार नाही.

सुरुवात कार्डापासून होते. आरक्षण करताना कोणत्याही कार्डावरून पूर्ण पैसे घेतले जातात, पण किल्ली देण्याच्या वेळी मात्र मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, कारण त्यावर मोठी अनामत रक्कम अडकवून ठेवायची असते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारले जाते, किंवा ते स्वीकारण्यासाठी महागडा विमा गळ्यात मारला जातो. सोबत कोणी असेल तर निदान त्याचे नाव मुख्य चालक म्हणून लावता येते. एकट्याला ती सोय नाही. ही अट आरक्षणाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत का लिहिली जात नाही?

विम्याचा प्रकार तर याहून संतापजनक आहे. ‘विमा समाविष्ट’ असे वाचून माणूस निर्धास्त होतो, परंतु त्या विम्यात एका ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान चालकानेच सोसायचे असते, आणि टायर, काच, छप्पर व गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा त्यातून वगळलेला असतो. खडबडीत रस्त्यावर दगड उडून नेमके काय फुटते, हे गाडी भाड्याने देणाऱ्यांना ठाऊक नसते काय? आइसलँडमध्ये ‘एफ’ क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यांवर फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी नेता येते. पण तशी गाडी जास्त भाडे भरून घेतली, तरी नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले तर सहसा कोणताही विमा कामाला येत नाही. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागरी मोडणे, हे तिथले नेहमीचे नुकसानही सामान्यतः चालकाच्याच माथी येते. ज्या जोखमीसाठी माणूस विमा घेतो, तीच जोखीम वगळून विमा विकणे याला मी फसवणूकच म्हणेन. बाहेरच्या विमा कंपनीकडून घेतलेला पूरक विमा स्वस्त पडतो खरा, पण त्यात भरपाई आधी आपण करायची आणि नंतर ती परत मागायची असते. त्यामुळे कार्डावर तेवढी मर्यादा शिल्लक ठेवूनच निघावे.

दंडाच्या बाबतीत एकट्या चालकाची अडचण कोणी लक्षातच घेत नाही. फ्लॉरेन्ससारख्या इटालियन शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ नावाची मर्यादित वाहतुकीची, म्हणजे ठरावीक वेळी विनापरवाना गाड्यांना बंदी असलेली, क्षेत्रे आहेत आणि त्यांच्या प्रवेशावर कॅमेरे असतात. अरुंद गल्लीत पादचारी सांभाळायचे, नकाशाकडे लक्ष द्यायचे आणि परक्या भाषेतली वेळापत्रकाची पाटीही वाचायची, हे एका माणसाने कसे करावे? म्हणून गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून चालत आत जाणे उत्तम. माझी खरी चीड दंडावर नाही, कारण नियम मोडला तर दंड भरलाच पाहिजे. चीड आहे ती गाडीवाल्यांच्या ‘प्रशासकीय शुल्का’वर. चालकाचे नाव आणि पत्ता पोलिसांना कळवण्यापलीकडे काहीही न करता ते परस्पर कार्डावरून पैसे कापतात, आणि मूळ दंडाची नोटीस त्यानंतर कित्येक महिन्यांनी वेगळी येते.

टोलची माहितीही किल्लीसोबत लेखी मिळायला हवी, ती मिळत नाही. डब्लिनच्या एम-५० रस्त्यावर टोलनाकाच नाही. पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत स्वतःहून भरावे लागतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक विन्येट, म्हणजे पथकर भरल्याची खूण, लागते, आणि शेजारच्या देशातून घेतलेल्या गाडीवर ते असेलच असे नाही. परवान्याबाबतही तीच टाळाटाळ दिसते. जपानमध्ये केवळ रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा चालत नाही. ही गोष्ट आरक्षण घेतानाच विचारणे काय कठीण आहे? मूळ परवाना सोबत हवाच.

आता गाडी परत करण्याविषयी. एका ठिकाणी माझ्यावर चाकाच्या रिमवरील ओरखड्याचे पैसे लावले गेले. तो ओरखडा गाडी ताब्यात घेतानाच्या माझ्या चित्रफितीत स्वच्छ दिसत होता, तरीही रक्कम परत मिळवण्यासाठी मला कित्येक आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. एकट्या माणसाकडे साक्षीदार नसतो, हे त्यांना पुरते ठाऊक असते. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी चारही चाके, छप्पर, काचा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचे न थांबवता चित्रण करावे, आणि आधीचा प्रत्येक ओरखडा करारात नोंदवून घ्यावा. पैसे देताना यंत्रावर स्थानिक चलनच निवडावे, कारण आपल्या चलनात रूपांतर करून देण्याच्या नावाखाली वाईट दर लावला जातो. कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून निघून जाऊ नये. कर्मचारी गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी बहुतेक करारांत चालकावरच असते. कार्यालय उघडे असतानाच गाडी द्यावी, आणि ‘ईमेल येईल’ असे सांगितले गेले तरी तपासणी झाल्याचा सहीचा कागद हातात पडेपर्यंत तिथून हलू नये.