आजींचे तीन सेंटिमीटर

माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिच्या प्रगतिपत्रकानुसार ती कबड्डी खेळतो. वर्गमित्रांना मदतही करतो. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात लिहिलंय, ‘मधल्या सुट्टीनंतर वेळेवर वर्गात यावे, मारामारी टाळावी.’ ही मुलगी घरात झुरळ दिसलं तर बाजूला सरकून त्याला वाट देते.

१ मे होता. झेंडावंदन झालं, राज्यगीत झालं, मुख्याध्यापकांनी सत्राच्या बातम्या सांगितल्या (परसबागेत वांगी लागली, टाकीला एकदाचं झाकण बसलं, पहिलीचा पट घटला) आणि पालक आपापल्या वर्गात गेले. वर पत्रा, खाली आम्ही, मध्ये एक पंखा. माझा तो ‘खेळतो’ घेऊन मी रांगेत उभा राहिलो. पुढे फक्त एक आजी होत्या. एकच माणूस पुढे आहे म्हणून मी खूश झालो, ते अगदी थोडा वेळ.

“बाई,” आजींनी पत्रक टेबलावर ठेवून बोट टेकवलं, “दिवाळीच्या आदी आमचं पोरगं एकशे चोवीस व्हतं. आता एकशे एकवीस लिवलंय. तीन शेंटीमीटर गेलं कुठं?”

बाईंनी पत्रक पाहिलं. “आजी, मोजताना टेप जरा इकडंतिकडं होते.”

“टेप हुतीया. पोरगं कसं हुईल?”

“अहो, एवढं काय त्यात?”

“म्हातारी माणसं आखडत्यात. मी आखडलीया. ह्ये आठ वर्साचं हाय.”

बाईंनी विषय बदलायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, “श्रेणी बघा ना, भाषेत अ-२ आहे, गणितात ब-१.” आजींनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “पास तर समदीच हुत्यात वो. उंची मातर ज्याची त्यालाच वाढवावी लागती.”

यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या पत्रकातलं उंची-वजन सोडून मलाही काही कळत नाही, आणि मी पदवीधर आहे. आमच्या वेळी शंभरपैकी गुण असायचे, कमी पडले की खाली लाल रेघ, आणि घरी गेल्यावर त्या रेघेचा अर्थ वडील समजावून सांगायचे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरीला साठ टक्के आकारिक, म्हणजे वर्षभर बघून दिलेलं, चाळीस टक्के संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचं. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, शिवाय ‘इतर’. कल्पना चांगलीच आहे: मुलाला एका पेपरावर तोलू नका, वर्षभर त्याच्याकडे बघा. फक्त जिनं बघायचं ती बाई एक, आणि समोर वर्गभर पोरं. मग वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरतात, ‘शालेय शिस्त आत्मसात करतो’, ‘अवांतर वाचन करावे’, आणि कुठलंही वाक्य कुठल्याही पोराला चिकटतं. माझ्या पोरीला कबड्डी चिकटली.

तर आजी. आजींनी नातवाला दंडाला धरून भिंतीशी उभं केलं. “चपला काढ. मान वर. श्वास सोडू नगंस.” शाळेने भिंतीवर उंची मोजायची कागदी पट्टी चिकटवलेली आहे. दोन्ही टोकं तपासल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही, हे आजींना कुणी शिकवावं लागलं नसणार. त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, “ही चारपास्नं सुरू हुतीया.”

खरंच पट्टीचं खालचं टोक फाटलं होतं आणि जमिनीला चारचा आकडा टेकला होता. नातवाचे केस तळव्याने दाबून बाईंनी वाचलं, एकशे तीस. आजी म्हणाल्या, “बघा!” बाई म्हणाल्या, “चार वजा करायचे.” आणि तीस वर्षांच्या सवयीने वर्गाकडे वळून विचारलं, “एकशे तीस वजा चार?”

सुट्टी लागलेली, निकाल हातात पडलेला, तरी निम्म्या वर्गाचे हात वर. एक एकशे चौतीस म्हणाला. एक एकशे सहा. हातच्यावरून दोघांत जुंपली. आठवीतला एक दादा, जो बहिणीला न्यायला आला होता, तो मोबाइल काढून कॅल्क्युलेटर शोधू लागला. त्या सगळ्या गोंधळात माझी मुलगी माझ्या शर्टाचं टोक ओढून माझ्याच पोटाशी पुटपुटली, “एकशे सव्वीस.”

“मग सांग ना मोठ्यानं,” मी म्हटलं. तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

शेवटी दादाने एकशे सव्वीस जाहीर केलं. आजींनी मनात हिशेब केला. “म्हंजी तीन न्हाय, पाच गेल्यात.” मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पत्रकावर आली. परवानगी वगैरे भानगड नाही, पत्रक त्यांनी सरळ ओढून घेतलं, हात लांब करून वाचलं. मुलीची उंची पहिल्या सत्रात एकशे वीस, दुसऱ्यात एकशे सव्वीस.

“ह्ये बघा! हिथं हाय आमचं.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. एका पोराच्या उंचीतले पाच सेंटिमीटर आम्ही ढापले आहेत, अशा नजरेनं. मी काहीतरी बोललो, “अहो आजी, मुली या वयात भरभर...” आणि गप्प झालो, कारण मुलगी शेजारी उभी होती आणि ती त्या पोराच्या कानाएवढी होती.

बाईंनी लॅपटॉप उघडला. वर्गाच्या हजेरीत आधी मुलगे, मग मुली. आजींचा नातू मुलग्यांत शेवटचा, माझी मुलगी मुलींत पहिली. दुसऱ्या सत्राच्या शीटमध्ये दोघांच्या ओळी अदलाबदल झालेल्या. उंची, वजन, आवड, सुधारणा, सगळं. श्रेणींची शीट वेगळी आहे, ती ठीक आहे, असं त्या मी विचारायच्या आधीच म्हणाल्या.

मी चिडलोच. वर्षातून दोन वेळा तर हा कागद घरी येतो. बाई डोळे चोळत म्हणाल्या, “रात्री साडेअकराला भरलंय हो.” दिवसा पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि त्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवरच्या निवडणूक अधिकारी, असल्यामुळे मतदार याद्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये. त्या ‘सोडून’मधून किती काम आत शिरतं, ते बाईंच्या डोळ्यांखाली दिसत होतं. मग चिडायचं कुणावर? मी थोडा वेळ पंख्यावर चिडलो.

“कबड्डीचं मी नव्या पत्रकात बदलते,” बाई म्हणाल्या, “पण कोरी पत्रकं संपलीत, जूनमध्ये मिळेल. आत्ता तात्पुरतं...” त्यांनी व्हाइटनर काढला आणि ‘खेळतो’चा काना पुसला. ‘करतो’चाही पुसला. एका मिनिटात माझी मुलगी कबड्डी खेळते, मदत करते अशी झाली. मारामारी टाळावी तशीच राहिली, तिथे काना पुसून भागणार नव्हतं.

मी आजींच्या हातातलं नातवाचं पत्रक मागून घेतलं. तिथे माझ्या मुलीची खरी नोंद होती. आवड: चित्रे काढते. सुधारणा आवश्यक: ‘उत्तर येत असूनही हात वर करत नाही.’

हे कुठल्याही तयार यादीतलं वाक्य नव्हतं. मला काहीतरी टोचून बोलायचं होतं, ते राहून गेलं. ते वाक्य माझ्या पत्रकावर लिहून द्या, एवढंच म्हणालो. बाईंनी समासात, व्हाइटनर वाळायच्या आत, तिरकं लिहून दिलं. आता ते पत्रक एखाद्या वादातल्या सातबाऱ्यासारखं दिसतं.

आजींना त्यांचे पाच सेंटिमीटर मिळाले. सहीसुद्धा घेतली त्यांनी, तारखेसकट. मी पुढे सरकलो. आजी मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पदराने चष्मा पुसला, बोट एक ओळ खाली नेलं आणि म्हणाल्या, “आता वजनाचं बघू.”